व्याह्याच्या दारात बंद केलेली गाडी

यादमची गाडी चालू असेपर्यंत गुणाची होती. निळी, मागं फळ्यांचा हौदा, अंगानं बेताची. एकदा सुरू झाली की गोठलेल्या नदीवरून, वाळूतून, खिंडीच्या चढावरून बिनतक्रार जायची. पण बंद केली की तिच्या पोटात काय बिनसायचं कोण जाणे. नळीतला दाब उतरायचा, इंजिनापर्यंत आलेलं डिझेल आल्या वाटेनं टाकीत परत जायचं आणि त्याच्या जागी हवा शिरायची. अर्ध्या तासाच्या आत किल्ली फिरवली तर उठायची. त्याहून उशीर झाला की नुसती खोकायची. मग सीट उचला, फिल्टरवरचा हातपंप दाबत बसा, बोटं बधिर होईपर्यंत दाबा, आणि तेवढ्यात बॅटरी बसली नाही तर आपलं नशीब म्हणा.

नळ्या बदलून झाल्या, फिल्टर बदलून झाला. तालुक्याच्या मेकॅनिकनं झडप गेली म्हणून सांगितलं आणि शहरातून नवी मागवली. ती आली तेव्हा दुसऱ्याच गाडीची निघाली. तेव्हापासून यादमनं गाडीचा स्वभाव पत्करला होता. घराजवळच्या उतारावर तो ती तोंड खाली करून लावायचा. टाकी वर, इंजिन खाली. डिझेलला परत जायचं तर चढून जावं लागेल. सपाटीवर किंवा चढावर असला की इंजिन बंदच करायचं नाही. मीठ घ्यायला दुकानात गेला तरी गाडी बाहेर घुरघुरत उभी. त्याची बायको चिमगे म्हणायची, तुम्ही मेलात तरी तुमची गाडी महिनाभर चालू राहील.

हे सगळं घरात हसण्यावारी चालायचं. पण मागच्या पानगळीत मुलीचं, सोलोंगोचं लग्न झालं आणि ते हसणं संपलं. खिंडीपलीकडच्या लोदोयच्या मुलाला, ओचिरला, दिली होती. लग्नाचं जेवण, गाणी, तपकिरीच्या डब्यांची देवघेव, सगळं होईतो यादमची गाडी बाहेर चालूच. विहीण दोलगोर तोंडाची तिखट. मुलीच्या बापाला आमच्या घरात बसवेना, मुलगी टाकून पळायला गाडी चालू ठेवून आलाय, असं ती चारचौघांत बोलली. माळावर करमणूक कमी. ते बोलणं दोन खोरी फिरलं. त्यानंतर सोलोंगो चुलीपुढून जरा घाईनं उठली की सासू विचारायची, का गं, बापाची गाडी चालू आहे वाटतं? हिवाळाभर पोरीनं ते ऐकून घेतलं.

त्या हिवाळ्यात झुड पडलं. आधी अवेळी पाऊस, त्यावर कडाक्याची गोठण, त्यावर बर्फ. गवत होतं, पण काचेखाली असल्यासारखं. मेंढ्या खुरांनी उकरायच्या, खुरांच्या वर रक्त यायचं, आणि खाली पुन्हा बर्फच. माघारी वाडग्यात येईपर्यंत त्यांचे पाय लटपटायचे. बहुतेक सगळ्या गाभण. रचून ठेवलेलं गवत संपत आलं तेव्हा चिमगेनं कोंडा घातला, मग घरातलं पीठ मीठ लावून घातलं. तेही झालं.

एक दिवस चिमगे फोनला नेटवर्क मिळतं त्या टेकडीवर गेली होती, तेव्हा ओचिरचा निरोप मिळाला. पलीकडच्या खोऱ्यात बर्फ कमी होता, लोदोयकडं गवत शिल्लक होतं. हौदाभर बांधून ठेवलंय, घेऊन जा म्हणाला होता. लोदोयनं पैशाचं नाव काढलं नव्हतं, व्याही म्हणून देत होता. फक्त वादळ येणार असं रेडिओ सांगत होता, म्हणून लगेच या.

यादम उजाडता निघाला. चिमगे वाडग्यात होती. रात्रीतून बसलेल्या मेंढ्या आपल्या आपण उठत नव्हत्या. ती एकेकीला शेपटीला धरून उभी करायची, मांडीचा टेकू द्यायची आणि पाय सावरेपर्यंत तशीच धरून ठेवायची. शेवटची दोन कवळं गवत तिनं दारामागं लपवल्यासारखी ठेवली होती.

"आजच या परत," ती म्हणाली. "आज उठवते मी कशा तरी. उद्या उपाशी राहिल्या तर उठणार नाहीत."

यादमनं मान हलवली. त्याला ते सांगायला नको होतं.

खिंडीत दगडांच्या ढिगाला प्रदक्षिणा घालायची रीत. तो उतरला नाही, तीनदा हॉर्न वाजवून पुढं गेला. पलीकडं ऊन होतं, वारा पडलेला. आभाळ इतकं स्वच्छ होतं की त्याला ते आवडलं नाही. दुपार कलायच्या आत तो लोदोयच्या हिवाळी जागेवर पोचला.

लोदोयचं बुरणुसाचं घर डोंगराच्या कुशीत, दार दक्षिणेला. दारापासून अंगण खाली उतरत गेलेलं. यादमनं ते लांबूनच पाहिलं आणि त्याला बरं वाटलं: उतार आहे, तोंड खाली करून लावली की झालं, बंदही करता येईल, कुणाला बोलायला जागा नाही. त्यानं अंगणात वळसा घेतला आणि गाडी उताराकडं तोंड करून उभी केली. हौदा दारासमोर आला.

लोदोय दारात उभा होता. थोराड माणूस, आवाज मोठा, बोलताना हसायचा, पण त्या हसण्यात त्याचं बोलणं विरायचं नाही.

"व्याहीबुवा," तो म्हणाला, "माझ्या चुलीला ढुंगण दाखवायला आलात का एवढ्या लांब?"

यादम ओशाळला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो गवत भरायला सोपं जाईल असं काहीतरी पुटपुटला. लोदोय म्हणाला, गवत तर घरामागं आहे, ते पोरगा आणि मी पाठीवर आणू, तुम्ही पाहुणे, आधी तोंड इकडं करा. यादमनं गाडी फिरवली. आता तिचं तोंड चढाला, दाराकडं. टाकी खाली, इंजिन वर. त्यानं ती चालूच ठेवली आणि उतरला.

सोलोंगो कुत्रं धरायला बाहेर आली होती. लग्नानंतर त्यानं तिला पहिल्यांदाच पाहिलं. गालांवर थंडीचे लाल चट्टे, हातांना चिरा. तिनं कुत्र्याची साखळी खुंटाला अडकवली आणि बापाकडं न बघता खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, या वेळी तरी बंद करा."

यादमनं डोक्यात हिशेब केला: चहा, तपकीर, चार शब्द. अर्धा तास. अर्ध्या तासात बाहेर येऊन किल्ली फिरवली तर उठते, मग भरणं होईतो चालू ठेवू. भरताना घरात बसायचं नसतंच, म्हणून कुणाचा अपमानही नाही. तो परत केबिनमध्ये चढला आणि त्यानं किल्ली मागं फिरवली. सोलोंगोनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. पोरीला इतकं हायसं वाटलेलं बघून त्याला स्वतःचाच राग आला. एवढं लग्नात केलं असतं तर काय बिघडलं असतं.

आत दोलगोरनं त्याला घराच्या वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसवलं. लोदोयनं डगल्यातून तपकिरीची डबी काढली, यादमनं आपली काढली, दोघांनी उजव्या हातानं एकमेकांना दिली, हुंगली, परत केली. जनावरं कशी आहेत, हिवाळा कसा चाललाय, हे विचारायचं असतं म्हणून लोदोयनं विचारलं, आणि बरं आहे असं म्हणायचं असतं म्हणून यादमनं म्हटलं. खारा चहा आला. त्यात आधी तुपाचा गोळा, मग वाळलेलं मांस. दोलगोरनं वाफेवर बूझ ठेवले होते. मटणाच्या सारणाचे ते मऊ गोळे झाकण काढताच घरभर दरवळले.

विहीण आज गोड होती. गाडी बंद झाल्याचं तिनं ऐकलं होतं, घरात सगळ्यांनीच ऐकलं होतं. घ्या अजून, असं तीनतीनदा म्हणत होती. यादमनं बूझ भराभर खाल्ले, जीभ पोळली. ताट रिकामं झालं तसं ते भरलं. पहिली चाळण संपली तेव्हा दोलगोरनं दुसरी चढवली. ती शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यादमजवळ नव्हता.

तो उठायला लागला. "घोडं बघून येतो," म्हणाला. लघवीला जायचं असलं की असंच म्हणतात.

लोदोयनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसला. "तुमचं घोडं निळं आहे, व्याहीबुवा. ते कुठं जात नाही. बसा."

सगळे हसले. यादमही हसला आणि बसला. सोलोंगो चुलीत शेणी सारत होती, तिनं वर पाहिलं नाही. मग दुसरी चाळण उतरली, आणि त्यानंतर लोदोयनं बाटली काढली. तीन पेले व्हायलाच हवेत. पहिल्या पेल्यात अनामिका बुडवून यादमनं आभाळाला, जमिनीला शिंपडलं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. आता घाई करून उपयोग नाही हे कळल्यावर तो उलट शांत बसला, आणि त्या शांतपणाचं दोलगोरला फार कौतुक वाटलं. आमचे व्याही आता आमच्यात रुळले, असं ती म्हणाली.

गवत भरून झालं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. ओचिर कामाला वाघ; त्यानं हौदा फळ्यांच्या वर पुरुषभर उंच रचला आणि दोर आवळले. यादमनं किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. त्यानं सीट उचलली आणि हातपंप दाबायला घेतला. रबर थंडीनं कडक झालेलं, दाबलं की आत जायचं पण वर यायचं नाही. हातमोजा घातलेलं बोट पंपावर बसेना म्हणून त्यानं मोजा काढला. जरा वेळानं बोटांची कातडी पंपाला चिकटून सोलली. दुखलं नाही, म्हणजे वाईट लक्षण. फिल्टरच्या स्क्रूमधून नुसती हवा फुसफुसत होती. ओचिरनं दाबून पाहिलं, मग पुन्हा यादमनं. मधे मधे किल्ली फिरवायची. बॅटरीचा आवाज जड होत गेला आणि शेवटी एक टक् होऊन बंद झाला.

लोदोय बाजूला उभा राहून बघत होता. त्याला हळूहळू उलगडलं असावं.

"बंद केली की चालू होत नाही ही?" त्यानं विचारलं.

"उतारावर लावली तर होते."

"मग बोलायचं नाही का?" लोदोयचा आवाज चढला. "चालू ठेवली असतीत तर काय आम्ही खाल्लं असतं तुम्हाला?"

दोलगोर दारातून म्हणाली, "आम्ही कुठं म्हटलं बंद करा म्हणून."

खरंच कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं ते एकटीनं, आणि ती दाराच्या आतल्या अंधारात उभी होती. यादमच्या ओठांवर शब्द आले होते. ते बाहेर पडले असते तर सोलोंगोला त्या घरात पुढची वीस वर्षं ऐकावे लागले असते. त्यानं ते गिळले आणि म्हणाला की त्याची चूक झाली, त्यालाच वाटलं होतं आज उठेल.

वादळ पहाटे आलं. दुसरा दिवस त्यांनी घरात बसून काढला. वाऱ्यानं घर उचललं जाऊ नये म्हणून आढ्याचे दोर ताणून ताणून ओचिर आणि लोदोय दमले. दहा पावलांवरची गाडी दिसत नव्हती. यादमला अजून मानाच्याच जागी बसवलं होतं. त्याच्यापुढं दर थोड्या वेळानं चहा येत होता, आणि तो पीत होता, कारण पाहुण्यानं हातातला चहा नाकारायचा नसतो. घोडा घेऊन निघतो म्हणून तो दोनदा उठला. लोदोयनं दोन्ही वेळा दारात आडवं उभं राहून अडवलं. खिंडीत माणूस आणि घोडा दोन्ही मरतील, मग माझ्या सुनेला मी काय सांगू, म्हणाला. चिमगेच्या मेंढ्यांबद्दल दिवसभरात एकानंही अवाक्षर काढलं नाही. घर उबदार होतं, मटण शिजत होतं, आणि यादमला ते सगळं गळ्यापर्यंत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना वारा थांबला. लोदोय सगळ्यांच्या आधी उठला होता. टीव्ही चालतो ती सोलरची बॅटरी त्यानं रात्रीच काढून चुलीजवळ ऊबेला ठेवली होती. ओचिरनं पत्र्याच्या घमेल्यात शेणी पेटवल्या. चुलीतला विस्तव परक्याच्या गाडीखाली जात नाही, म्हणून बाहेर काडी ओढूनच पेटवल्या, आणि घमेलं इंजिनाच्या पोटाखाली सारलं. बुडातलं गोठलेलं तेल पातळ व्हायला वेळ लागला. बॅटरी जोडली. इंजिन आता मोकळं फिरत होतं, पण कोरडंच. पंप दाबला की डिझेल थोडं चढायचं, हात काढला की परत खाली. यादमच्या बोटांवर फोड आले होते, ते फुटले.

"हिला फिरवायला लागेल," तो म्हणाला. "तोंड खाली."

लोदोयनं एकदा आपल्या दाराकडं पाहिलं. "मग फिरवा की. विचारता काय."

लोदोयचे दोन उंट जुंपले, दोर मागच्या आसाला बांधला. बर्फ उपसून वाट केली. उंटांनी ओढलं, ओचिर आणि सोलोंगोनं बाजूनं रेटा दिला, यादम स्टिअरिंगवर. गवतानं भरलेली गाडी इंच इंच वळली आणि तिचं ढुंगण नेमकं लोदोयच्या दारासमोर येऊन थांबलं. टाकी आता वर होती. यादमनं पंप दाबला. फुसफुस, बुडबुडे, मग फेस, आणि फेसामागून एकसंध धार आली. त्यानं स्क्रू आवळला. बॅटरीत जोर उरला नव्हता, तेव्हा लोटूनच सुरू करायची ठरली.

लोदोयनं टोपीचे कान वर बांधले, हौद्याच्या मागच्या फळीला खांदा लावला आणि बायकोलाही हाक मारली. दोलगोर डगला खोचून आली. चौघांनी ढकलली. गाडी सुटली, उतारानं धावू लागली, यादमनं दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि काळा धूर सोडून इंजिन लागलं. मागं लोदोय तोंडावर पडला होता. उठून मिशांमधलं बर्फ झाडत तो ओरडला, थांबू नका, निघा, निघा तसेच. दोलगोर घरात धावली, दुधाची पळी घेऊन आली आणि वाट सुखाची व्हावी म्हणून जाणाऱ्या गाडीच्या मागं शिंपडत राहिली. सोलोंगो हात वर करून उभी होती. यादमला आरशात ती दिसली, मग बर्फच दिसलं.

खिंडीत वाऱ्यानं वाट बुजवली होती. गाडी चालू ठेवून तो फावड्यानं उपसायचा, दहा पावलं पुढं घ्यायचा, पुन्हा उपसायचा. घामानं डगला आतून भिजला आणि बाहेरून गोठला. मनातल्या मनात तो आकडे मांडत होता: इतक्या मेल्या असतील, इतक्या तगल्या असतील. खिंडीत होता तेव्हा तगलेल्यांचा आकडा बरा होता. उताराला लागल्यावर तो कमी कमी होत गेला.

घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. वाडग्याबाहेर बर्फात काळ्या पांढऱ्या गाठोड्यांची रांग लागली होती. लांबून त्याला वाटलं, चिमगेनं बुरणूस सुकत घातलेत. जवळ आल्यावर पाय दिसले.

त्यानं गाडी थेट वाडग्याला भिडवली, दोर कापले आणि गवत खाली ढकलायला सुरुवात केली. आत उभ्या होत्या त्या धावल्या नाहीत, चालत आल्या. काही बसल्या जागी मान लांब करत होत्या. चिमगे वाडग्याच्या कोपऱ्यातून उठली. घरातल्या गाद्यांची लोकर उसवून तिनं उरलेल्यांच्या पाठींवर बांधली होती. तिचे ओठ फुटले होते. ती गवताचं कवळ उचलून बसलेल्यांकडं गेली, एकेकीचा जबडा उघडून गवत आत सारू लागली. यादमही दुसऱ्या बाजूनं तेच करू लागला. काही चघळत होत्या. काहींच्या तोंडात गवत तसंच राहत होतं.

निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. गाभण होत्या, त्यामुळं दुप्पट गेल्या म्हणायच्या.

बऱ्याच वेळानं चिमगे थांबली. "कालचं वादळ मला कळतं," ती म्हणाली. "परवा संध्याकाळी का आला नाहीत? परवा आभाळ मोकळं होतं. मी दिवा लावून बसले होते."

"गाडी बंद केली होती."

चिमगे त्याच्याकडं वळली. "सपाटीवर?"

"त्यांच्या दारात. तोंड चढाला." मग तो म्हणाला, "सोलोंगो म्हणाली, या वेळी तरी बंद करा."

चिमगे गवताच्या ढिगावर बसली. तिनं हातमोजे काढले, मांडीवर ठेवले. यादमला वाटलं आता ती बोलेल आणि त्याला ते ऐकावं लागेल, आणि ऐकायची त्याची तयारी होती. खिंडीपासून त्यानं तीच तयारी केली होती. इतका वेळ त्यानं धरून ठेवलेलं रडू आता आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"पोरगी बरी आहे का?" चिमगेनं विचारलं.

"बरी आहे. हात चिरलेत."

"सासू बोलली काही?"

"नाही. गोड बोलली. बूझ केले होते."

चिमगेनं मान डोलावली. वाडग्यात आता चघळण्याचा आवाज येऊ लागला होता.

"मी असते बरोबर," ती म्हणाली, "तर मीच तुम्हाला बंद करायला लावली असती."

मग तिनं हातमोजे चढवले, पट्ट्यातली सुरी काढली आणि बाहेरच्या रांगेकडं चालू लागली. आज सकाळी गेलेल्या मेंढ्या तेवढ्या अजून पुरत्या आखडल्या नव्हत्या. ऊन होतं तोवर त्यांची कातडी निघाली असती. यादम दुसरी सुरी घेऊन तिच्यामागं गेला.